ओला ड्रम

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि बायकोला मोठ्याने वाचून दाखवतो... तिला घाबरवायला नाही हो, हसायला. कुणाला वडाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीचा आरसा आपोआप वळतो. मी म्हणायचो, अरे बाबा, आधी आरशाचा स्क्रू आवळ! अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची, यातलं काहीही आमच्या घरात चालत नाही. अवसरी बुद्रुकला आमचं घर आहे, मागे गोठ्यात चार गाई आहेत. गुरांचे डॉक्टर आले तरी त्यांना मी आधी गमबूट फिनेलच्या पाण्यात बुडवायला लावतो. ते वैतागून म्हणतात, काका, तुमच्या गोठ्यात शिरण्यापेक्षा मंत्रालयात शिरणं सोपं आहे. तर असा मी माणूस. डोळ्यांना न दिसणाऱ्या एकाच गोष्टीवर माझा विश्वास — जंतू.

आणि आता मीच इथे लिहायला बसलोय. बायको समोर बसली आहे. आता हसायची पाळी तिची, पण ती हसत नाही. एवढं लिहीपर्यंत मी दोनदा उठून अंगणात फेरी मारून आलो. हे लिहिल्याशिवाय काही मला चैन पडणार नाही.

गेली चोवीस वर्षं मी एका खासगी हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये कामाला आहे. मंचर आणि नारायणगावच्या मध्ये, हायवेपासून जरा आत. नाव लिहीत नाही, उगाच मॅडमना ताप नको. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर. माझं काम निर्जंतुकीकरणाचं. ऑपरेशन झालं की हत्यारं आधी हायपोच्या, म्हणजे जंतुनाशकाच्या पाण्यात भिजवायची, मग ब्रशने सांध्यासांध्यांत घासायची, पुसून वाळवायची आणि मग ऑटोक्लेव्हला लावायची. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपला कुकरच, फक्त पोट मोठं आणि वाफ जास्त कडक. गज (रक्त टिपायचं जाळीदार कापड), टॉवेल, गाऊन हे सगळं स्टीलच्या गोल ड्रममध्ये भरून त्यात ठेवतात.

या ड्रमचं जरा नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. ड्रमच्या अंगाला भोकांची रांग असते आणि तिच्यावर सरकणारा पत्रा. मशीनमध्ये ठेवताना पत्रा सरकवून भोकं उघडी करायची, म्हणजे वाफ आत जाते. बाहेर काढल्यावर भोकं बंद करायची, म्हणजे जंतू आत जात नाहीत. उघडायला विसरलात तर ड्रम बाहेरून चटका बसेल इतका तापतो, पण आतला गज होता तसाच राहतो. आणि वरून काही कळत नाही! झाकणाला जो टेप लावतो त्याचे पट्टे तापल्यावर काळे होतात, पण तो बाहेर असतो, तो काळा होणारच. म्हणून गजाच्या मधल्या थरात एक छोटा कागद घालतो, त्याला आम्ही चिठ्ठी म्हणतो. वाफ तिच्यापर्यंत पोचली तरच चिठ्ठी काळी होते. आणखी एक... गज ओला निघाला तर तोही बाद. ओल्या कापडातून जंतू सहज आत शिरतात. ओला ड्रम परत मशीनमध्ये गेलाच पाहिजे, मग बाहेर कुणीही खोळंबलेलं असो.

आमच्याकडे ठकूमावशी म्हणून मदतनीस होती. आहुपेच्या अलीकडच्या एका वाडीतली, भात-नाचणी करणाऱ्या घरातली बाई. इथे भाचीकडे राहून कामाला यायची. लिहिता-वाचता बेताचंच, पण ड्रम भरावा तर तिनेच. तिची एक खोड होती. मशीनमधून ड्रम काढला की भोकं बंद करायच्या आधी ती आपला गाल भोकांपाशी न्यायची... चिकटवायची नाही, चार बोटं लांब. कोरडी ऊब लागली तर पत्रा सरकवून मोकळी. दमट लागली तर म्हणायची, ओला हाय, आणि ड्रम परत आत. मी किती चिडवायचो तिला. म्हणायचो, मावशी, मशीनला काटा आहे, घड्याळ आहे, तू काय गालाने ताप बघतेस? एकदा ती शांतपणे म्हणाली, "काटा भाईर हाय, भाऊ. गज आत हाय."

सहा वर्षांपूर्वी आण्याच्या पठारावरची एक बाई पिशवीच्या ऑपरेशनला आली. त्या दिवशी सकाळपासून लाइट ये-जा करत होती, जनरेटरही कुरकुरत होता, मशीन मध्येच बंद पडत होतं. मॅडम हात धुऊन तयार. मावशीने ड्रम काढला, गाल नेला आणि म्हणाली, ओला हाय, देणार न्हाई. मी म्हटलं, दे गं, जरासं दमट असेल, चालतंय. ती ड्रम छातीशी धरून उभी राहिली. फडक्यातूनही तिला चटका बसत असणार. शेवटी मी तो तिच्या हातातून ओढून घेतला.

पाचव्या दिवशी त्या बाईच्या टाक्यांतून पू यायला लागला. महिनाभर हॉस्पिटलात होती बिचारी. वाचली, पण तेवढ्या दिवसांत तिच्या नवऱ्यासमोर जायची माझी छाती झाली नाही. मॅडमनी मला आणि मावशीला समोर उभं केलं आणि विचारलं, ड्रम कुणी दिला? मी म्हणालो, मावशीने काढला होता, नीट वाळवला नसेल.

मावशी माझ्याकडे वळली. "भाऊ, म्या सांगितलं व्हतं."

आणि मी म्हणालो, "कधी?"

बस, एवढंच. उचलली जीभ लावली टाळ्याला. मॅडमनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं, तिने पदराला हात पुसले, चपला घातल्या आणि गेली. मला लाज वाटली का? वाटली हो. पण नोकरीची भीती लाजेपेक्षा मोठी निघाली. हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. गालाची ती पद्धतही मावशीबरोबरच बंद झाली.

आता गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट.

आमची स्नेहल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मूल पायाळू निघालं. मॅडम म्हणाल्या, वाट बघण्यात अर्थ नाही, शुक्रवारी सकाळी दहाला सिझेरियन करू. बायको मनातून खूश, कारण पायाळू माणसाने लाथ मारली की धरलेली कंबर सुटते म्हणे. म्हटलं, तुझी कंबर राहू दे, आधी माझी पोर सुटू दे. वरवर मी असा बोलत होतो, पण आतून पाचावर धारण बसली होती. दुसऱ्यांच्या लेकी रोज त्या टेबलावर बघायच्या आणि आपली बघायची, यात फरक असतो राव.

गुरुवारी दुपारी जयश्री सिस्टर म्हणाल्या, काका, ड्रम मी भरते, तुम्ही जरा बसा. जयश्री सिस्टर म्हणजे आमच्या थिएटरच्या नर्स, हाताने स्वच्छ आणि स्वभावाने गरीब. मी ऐकतोय होय! म्हटलं, माझ्या लेकीचा ड्रम मीच भरणार. टॉवेल झटकून झटकून घडी केले, गजाचे थर लावले, मधे चिठ्ठी घातली. झाकणाला टेप लावला आणि टेपवरून झाकणापर्यंत आडवी सही ठोकली. तेवढ्यात स्नेहलचा वरच्या वॉर्डातून फोन आला — बाबा, बाळाची हालचाल कमी वाटतेय. ड्रम मशीनमध्ये ठेवला, दार आवळलं, बटण दाबलं आणि मी जिने चढत पळालो. काही नव्हतं, बाळ झोपलं होतं. वेळ झाल्यावर खाली येऊन ड्रम काढला. टेप काळाकुट्ट. थंड झाल्यावर कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली खिशात. सिस्टरनी भरलेला रोजचा ड्रम खालच्या कप्प्यात होता.

शुक्रवारी सकाळी मीच ड्रम उचलून थिएटरात आणला. हलका होता. हे लक्षात ठेवा, हलका होता.

मॅडम म्हणाल्या, काका, आज तुम्ही बाहेर थांबा. मी ऐकलं नाही. स्नेहलला पाठीत इंजेक्शन देऊन झालं होतं, छातीपाशी पडदा लावला होता. तिने विचारलं, बाबा, आहात ना? म्हटलं, आहे गं. जयश्री सिस्टरनी टेप फाडला, झाकण उघडलं, लांब चिमट्याने वरचा टॉवेल उचलला.

टॉवेलमधून पाणी गळलं. दमट नव्हता तो... पाणी गळलं. फरशीवर टपटप आवाज आला. सिस्टर चिमटा तसाच अधांतरी धरून माझ्याकडे बघायला लागल्या. मॅडमनी विचारलं, काय झालं? सिस्टर म्हणाल्या, ओला आहे, सगळाच ओला आहे. त्यांनी चिमट्याने गजाचा वरचा थर बाजूला केला, तोही निथळत होता. मधली चिठ्ठी वर आली.

चिठ्ठी कोरी होती. काळा ठिपकासुद्धा नाही. वाफ तिला शिवलीच नव्हती.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या क्षणी आठवलं... फोन वाजला तेव्हा भोकं उघडायची राहिली होती. नंतर ड्रम काढताना भोकं बंद दिसली आणि मी समजलो की आत्ताच मी बंद केली. चोवीस वर्षांची सवय, हात काय करतात ते डोक्याला विचारत नाहीत. मावशीसारखी आधी गाल न्यायची सवय असती तर भोकं आधीपासूनच बंद आहेत हे नाकासमोर दिसलं असतं. दुनियेला शहाणपण शिकवणारा मी, आणि माझ्याच दिव्याखाली अंधार.

जरा विचार करा. ड्रम कोरडा निघाला असता तर सिस्टरनी टॉवेल अंथरले असते, वरचा गज मॅडमच्या हातात दिला असता. चिठ्ठी मधल्या थरात असते, ती दिसेपर्यंत तो गज माझ्या पोरीच्या पोटात गेला असता.

मॅडमनी विचारलं, "हा ड्रम कुणी भरला?"

तोच प्रश्न. सहा वर्षांपूर्वी ज्या आवाजात विचारला होता त्याच आवाजात. शेजारी जयश्री सिस्टर उभ्या होत्या, मान खाली घालून. खोटं कशाला सांगू, जिभेच्या टोकावर आलं होतं माझ्या. एकदा जमलेली लबाडी दुसऱ्यांदा सोपी जाते. पण फरशीवर ते पाणी अजून टपटपत होतं.

"मी भरला," मी म्हणालो. "भोकं उघडायची राहिली. चूक माझी आहे."

पडद्यापलीकडून स्नेहलचा आवाज आला, "बाबा?" सिस्टर पळत जाऊन दुसरा ड्रम घेऊन आल्या. तो कोरडा होता, आणि या वेळी त्यांनी आधी चिठ्ठी काढून मॅडमना दाखवली, काळीभोर. मग पुढचं सगळं रोजच्यासारखं झालं. नात झाली. पाय आधी बाहेर आले, आजीच्या कंबरेची सोय झाली. टाके काढायच्या दिवशी मी मॅडमच्या खांद्यावरून तीनदा वाकून बघितलं. जखम स्वच्छ होती. मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो आणि रडलो.

पण डोक्यातला भुंगा काही थांबेना. पाणी आलं कुठून?

भोकं उघडी असती तर वाफ आत गेली असती, त्या वाफेचं पाणी झालं असतं, हे समजू शकतो. पण मग चिठ्ठी काळी व्हायला हवी. भोकं बंद होती तर चिठ्ठी कोरी, बरोबर, पण मग गज कोरडा हवा. दोन्हींतलं एक काहीतरी होणार. दोन्ही एकदम कसं होईल? कुणी मुद्दाम पाणी ओतलं म्हणावं तर टेप अखंड होता, त्यावर माझी सही जुळत होती, किल्ली माझ्या खिशात. आणि पाणी गार होतं. एप्रिलच्या उकाड्यात, बंद कपाटातून काढलेलं पाणी, माठातल्यासारखं गार. मी स्वतः तो गज हातात घेऊन पिळला.

मी स्वस्थ बसणाऱ्यातला नाही. तोच ड्रम भोकं बंद ठेवून तीनदा मशीनला लावला. तिन्ही वेळा गज कोरडा, चिठ्ठी कोरी. मग त्यात तांब्याभर पाणी ओतून कपाटात ठेवून बघितला. पत्र्याच्या फटीतून पाच मिनिटांत कप्पाभर पाणी झालं. त्या शुक्रवारी कपाट ठणठणीत कोरडं होतं, आणि ड्रम हलका होता. मशीन दुरुस्तीला येतो त्या इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, काका, नात झालीय ना, चार दिवस सुट्टी टाका.

सुट्टी टाकली. पण त्याआधी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन तो जुना ओला ड्रम माझा होता हे सांगून टाकलं. मावशीने नको म्हटलं होतं, मी ओढून घेतला होता, आणि तुमच्यासमोर खोटं बोललो होतो. नोकरी गेली तर गेली. मॅडम म्हणाल्या, "पाच वर्षं, काका?" नोकरी गेली नाही, पण त्यांचा तो चेहरा मला अजून दिसतो.

बारसं उरकल्यावर गाडी काढली आणि घोडेगाव, डिंभे करत वर निघालो. आता तुम्हाला वाटत असेल की मावशी वारली असणार, आणि त्या शुक्रवारीच वारली असणार. मलाही तेच वाटत होतं. वाडीच्या तोंडाशी गाडी लावली, पण कुणाला विचारायला जीभ उचलेना. सावलीत तसाच उभा राहिलो. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, भाऊ, हितं कुठं?

मावशीच होती. जिवंत, चांगली खणखणीत, डोक्यावर हिरड्याची पाटी. अंगणात हिरडा वाळत पडला होता. मला ओसरीवर बसवून ती हिरडा हाताने पालथा करायला लागली. म्हणाली, ओला ऱ्हायला तर यापारी घेत न्हाई, बुरशी धरती. पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाली. मी नातीचे पेढे पुढे केले. पोर बरी हाय का, दूध पिती का, सगळं विचारलं. त्या शुक्रवारी दहाच्या सुमाराला तू कुठे होतीस, असं मी उगाच विचारलं. हितंच, म्हणाली, म्या कुठं जाती?

मग मला बसवेना. उठलो, तिच्यासमोर हिरड्यात उकिडवा बसलो.

"मावशी, तेव्हा तू सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं."

तिचे हात थांबले नाहीत. "म्या सांगितलं व्हतं, ह्ये मला ठावं हाय," ती म्हणाली. "तुमाला ठावं हाय का न्हाई, तेवढं कळत नव्हतं."

मी तिचे पाय धरायला गेलो तर तिने पाय मागे ओढले. नगं भाऊ, हात हिरड्याचं हायेत, म्हणाली. मॅडमनी परत बोलावलंय हेही सांगितलं. तर हसली. आता गुडघं धरत्यात, म्हणाली, आन हितलं कोन बघंल?

त्या ओल्या ड्रममधला एक गज मी ठेवला होता. दोरीवर वाळवून, घडी करून, प्लास्टिकच्या पिशवीत. का ठेवला मला माहीत नाही. तिला दाखवावा असं वाटलं म्हणून खिशातून काढून दिला. कुठला, कशातला, काहीच सांगितलं नाही. तिने हात पदराला पुसले, गज घेतला आणि जुन्या सवयीने गालाशी नेला. डोळे मिटले.

"ओला हाय," ती म्हणाली.

मी तो परत घेतला. चुरचुरीत कोरडा होता. दोन आठवडे वाळलेला गज, बाहेर ऊन रणरणत होतं, ओला राहील कसा? मी तिच्याकडे बघितलं. ती पुन्हा हिरडा पालथा करायला लागली होती.

याचा अर्थ काय, मला विचारू नका. मला माहीत नाही. तिचा म्हातारा गाल फसला असेल, की तिने माझी गंमत केली, की आणखी काही... वर्ष होऊन गेलं, मी अजून उत्तर शोधतोय आणि सापडत नाही. मशीनमधून ड्रम काढला की हल्ली मी गाल भोकांपाशी नेतो. नवीन लोक हसतात. हसू देत.

तो गज अजून माझ्या कपाटात आहे. दर दोन-चार दिवसांनी काढून बघतो, आत्ता हे लिहिताना पुन्हा बघून आलो. माझ्या हाताला कोरडाच लागतो. पण ठकूमावशी ओला हाय म्हणाली आहे. तिचं न ऐकता मी एकदा ड्रम ओढून घेतला होता. आता ती ओला म्हणते ना, तर तो ओला आहे.